राखीव मुरूम

मला एका जागी बसवत नाही. पंगतीत बसलो तरी मांडी हलत असते, आणि आई शेवटपर्यंत सांगत राहिली की हा पोटात होता तेव्हाही असाच लाथा झाडायचा. अशा माणसाला नोकरी मिळाली ती माती हुंगत गावोगाव फिरायची, त्यामुळे सुरुवातीला मी खूष होतो. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत आम्ही सहाजण होतो. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाक्या जुन्या झाल्या की गंजतात, गळतात. गळलेलं पेट्रोल मातीत मुरतं आणि मातीतून कुणाच्या तरी विहिरीत उतरतं. ते कुठून गळलं, कुठवर गेलं ते शोधायचं आणि ती माती पुन्हा माती म्हणण्यासारखी करायची, हे आमचं काम. वारूळवाडीला घरी गेलो की चुलते विचारायचे, "माती साफ करतो म्हंजे नेमकं काय करतोस रं? साबण लावतोस का?" मी चिडायचो. तेव्हा मी फारच लवकर चिडायचो. अजूनही चिडतो, पण आता धाप लागते.

ही हकीकत दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. पंप आंबेगाव तालुक्यातला. नेमका कुठला ते सांगणार नाही, कारण तो आज व्यवस्थित चालतो आणि त्याच्या मालकाचं मला काही वाईट करायचं नाही. माझंच वाईट सांगायचं आहे, तेवढं पुरे.

पंपाच्या खाली, उताराला, हाकेच्या अंतरावर एक विहीर होती. तिच्या पाण्याला वास येऊ लागला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही, कारण विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं आणि इंजिनाच्या विहिरीला थोडाफार वास असायचाच. इंजिन काढून विजेची मोटर बसवली तरी वास जाईना. मग बैल पाणी पिईनात. बैल पाण्याला तोंड लावत नाहीत म्हटल्यावर मात्र विहिरीच्या मालकाने घोडेगावला कचेरीत अर्ज दिला, आणि फिरत फिरत तो कागद आमच्या ऑफिसात माझ्या टेबलावर आला. मी दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलला गिरमिट बांधून निघालो.

काम तसं साधं. पाच-पाच पावलांवर चुन्याने खुणा करायच्या, हाताने फिरवायच्या गिरमिटाने भोक पाडायचं, खालची माती काढून काचेच्या बरणीत अर्धी भरायची, तोंडाला चकचकीत कागद बांधून बरणी दहा मिनिटं उन्हात ठेवायची. मातीत पेट्रोल असेल तर त्याची वाफ बरणीत साठते. मग कागदाला भोक पाडून यंत्राची नळी आत घालायची आणि काटा किती हलतो ते लिहायचं. आमचं यंत्र रुसकं होतं, जरा धूळ गेली की बंद पडायचं. म्हणून मी आधी नाकानेच अंदाज घ्यायचो. तसं करू नये असं आम्हाला शिकवलं होतं, पण यंत्र गरम होईपर्यंत वाट कोण बघणार? बरणी उघडायची, हुंगायचं, पुढची. आठवड्याभरात माझं डोकं सतत ठणकू लागलं आणि चहालाही पेट्रोलचा वास यायला लागला.

कागदावर नकाशा काढून वासाच्या जागा तांबड्या पेन्सिलीने रंगवल्या, तेव्हा केळीच्या पानासारखा लांबट आकार तयार झाला. देठ टाकीपाशी, टोक विहिरीकडे. वर पुरुषभर काळी माती, तिच्याखाली पिवळट मुरूम, त्याखाली पाषाण; पेट्रोल मुरमात उतरून पाषाणावरून विहिरीकडे सरकत होतं. टाकी वर काढली तर तिच्या पोटाला बोट जाईल एवढं भोक. जेसीबी लावून टाकीभोवतीचं सगळं उपसलं आणि दोन ढीग केले. वरचा स्वच्छ मुरूम डाव्या हाताला. पेट्रोल प्यालेला मुरूम उजव्या हाताला, जाड प्लास्टिकवर, वरूनही प्लास्टिक ओढून, कडेने दगड ठेवून. त्यात मी तांबडं फडकं बांधलेली काठी रोवली. हा मुरूम पुढे मोकळ्या जागी प्लास्टिकवर पातळ पसरायचा, शेणखत मिसळायचं, दर आठवड्याला कुळवायचा. पेट्रोल बरंचसं उडून जातं, उरलेलं मातीतले जंतू खातात, चार-सहा महिन्यांत माती बरी होते. पण पसरायला जागा मिळत नव्हती, आणि जागा मिळेपर्यंत थांबणं मला जमत नव्हतं. मी दिवसातून दहा वेळा त्या ढिगाभोवती चकरा मारायचो.

पंपाचा मालक जुन्या बागायतदार घरातला, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी त्याने मला चहा पाजून बाजूला घेतलं होतं. "राव, एक करा. गळती ह्यो शब्द तेवढा नको. कुणी विचारलं तर टाकी मोठी करतोय म्हणा. लोकं उगा घाबरत्यात." मी लगेच हो म्हणालो. लोक जमले, प्रश्न सुरू झाले की काम थांबतं, आणि काम थांबलं की माझ्या अंगाची लाही होते. त्याच्या भिडेपेक्षा माझ्या घाईनेच मी हो म्हणालो, हे इथे कबूल करून टाकतो.

आमच्या भागात खोदाई निघाली की मुरूम मागायला माणूस येतोच. विहीर काढा, पाया काढा, कुणीतरी येऊन उभं राहतं. कुणाला अंगणात टाकायचा असतो, कुणाच्या गोठ्यात चिखल होतो, कुणाला घराचं जोतं भरायचं असतं. मुरूम मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही. म्हणालाच तर तो माणूस गावाच्या नजरेतून उतरतो. मी याच मातीतला, मला हे चांगलं ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी एक म्हातारा आला. शिनोलीच्या पुढे, डोंगरातल्या वाडीवरचा. भात आणि नाचणी पिकवणारं घर. टोपी काढून हातात धरली आणि उभा राहिला.

"सायेब, जोतं भरायचंय. सुनंचं दिवस भरत आल्यात, तिच्यापायी येक खोली काढलीय नवी. येक ट्रॉली मुरूम मिळंल का?"

"घ्या की बाबा. तो डावीकडचा ढीग आहे ना, त्यातला पाहिजे तेवढा न्या."

त्याने डावीकडे पाहिलंच नाही. उजव्या ढिगापाशी गेला, प्लास्टिकची कड उचलली, मूठभर मुरूम घेतला आणि नाकाशी नेला. अगदी मी हुंगायचो तसा.

"ह्यो?"

"तो नाही."

"का वो?"

इथे मला चार शब्द बोलायचे होते. बाबा, तो मुरूम घातक आहे. एवढंच. पण मालक दहा हातांवर उभा होता, पलीकडे गाड्यांत पेट्रोल भरून घेणारी माणसं होती, माझी मोटारसायकल सुरू होती आणि मला नारायणगावला जाऊन ऑफिसला फोन लावायचा होता. मी गाडीवर बसता बसता म्हणालो, "तो राखीव आहे."

"राखीव," म्हातारा म्हणाला. मूठ परत ढिगात सोडली, प्लास्टिक नीट ओढलं. मी निघून गेलो. वाटेत मला त्याचा विचारसुद्धा आला नाही.

त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला फार उशिरा उमगलं. डोंगरात वाळवी फार. घराचा लाकडी खांब पुरायचा तर आधी खड्ड्यात जळकं ऑइल ओततात, दाराच्या चौकटीला तेच फासतात. म्हणजे पेट्रोलचा वास मारणारा मुरूम त्याच्या लेखी औषध घातलेला मुरूम होता. साहेबाने तो दोन्हीकडून झाकलाय, वर फडकं लावलंय, विचारलं तर राखीव म्हणतोय. म्हणजे चांगला माल कुणा मोठ्यासाठी ठेवून गरिबाला साधा दाखवतोय. मी त्याच्या जागी असतो तर मलाही हेच वाटलं असतं, आणि मी तर त्याच्याइतका वेळ विचारही केला नसता.

सोमवारी सकाळी आलो तर उजव्या ढिगाची एक बाजू खचलेली. प्लास्टिक मात्र होतं तसं ओढलेलं, कडेचे दगड एकेक करून जागच्या जागी ठेवलेले. इतका व्यवस्थित चोर मी पाहिला नव्हता. पंपावरचा माणूस म्हणाला, रविवारी दुपारी ट्रॅक्टर आला होता, म्हातारा म्हणाला सायबानं घे म्हणलंय, म्हणून भरू दिला. म्हातारा खोटं बोलला नव्हता. घ्या असं मी म्हणालोच होतो.

मला आधी राग आला. मग सुनेचे दिवस भरत आलेत हे आठवलं.

आमच्याकडे बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत. दार लावलेलं, खिडकी असली तर तिला गोणपाट, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा. माझी आईही अशाच खोलीत माझ्यासोबत महिनाभर होती. आता अशा खोलीच्या जमिनीत एक ट्रॉली पेट्रोलचा मुरूम, वरून धुम्मस मारून चोपलेला, शेणाने सारवलेला. उबेने वाफ वर येणार. उघड्यावर, दिवसभर वारा खात ते हुंगून माझं डोकं फुटायची वेळ आली होती. तिथे चार दिवसांचं लेकरू असणार. आणि खाली शेगडी.

मालकाला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. पण म्हातारा कुठल्या वाडीचा ते त्यालाही माहीत नव्हतं. ट्रॅक्टरवाला ठाऊक होता, तो भाच्याच्या लग्नाला जुन्नरच्या पलीकडे गेलेला, परवा येणार. परवापर्यंत थांबणं मला शक्यच नव्हतं. मी गाडीला किक मारली.

दोन दिवस शिनोलीच्या वरच्या वाड्या पालथ्या घातल्या. नवं जोतं दिसलं की थांबायचं, उंबऱ्याशी वाकून हुंगायचं. एका घरी बाई म्हणाली, "पावणं, काय हरवलंय का?" दुसऱ्या घरच्याला वाटलं मी संडासांची पाहणी करायला आलोय, त्याने मला हाताला धरून मागच्या बाजूला नेलं आणि अर्धवट बांधकाम दाखवून भांडायलाच लागला. तिसरीकडे कुत्रं मागे लागलं. मी सगळ्यांना एकच सांगत होतो, मुरूम शोधतोय. मुरूम हरवला म्हणून हिंडणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नसेल. लोक हसत होते आणि मी त्यांच्यावर खेकसत होतो. घातक मुरूम कुणी नेलाय, असं एकदा मोठ्याने विचारलं असतं तर एका दुपारी पत्ता लागला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी तोंडातून तो शब्द काढला नाही. दोन्ही रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

बुधवारी सकाळी ट्रॅक्टरवाला सापडला. लग्नाची हळद अजून कपाळाला होती. "त्यो म्हातारा व्हय? वरच्या वाडीचा. शेवटलं घर. काय झालं वो?" मी उत्तर न देता वर निघालो.

घर लगेच ओळखू आलं. जुन्या घराला लागून नवी खोली, ताजं सारवण, दाराला कडुनिंबाचा डहाळा. डहाळा पाहिला आणि समजलो. म्हातारी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी काही विचारायच्या आतच तिने कौतुकाने सांगितलं, "नात झाली. दोन दिस झालं." आणि मग जरा खालच्या आवाजात, "पर पोर सारखी निजती. दूध वढीत न्हाई. सुनंचं बी डोस्कं लई दुखतंय. दृष्ट लागली जणू."

बंद दाराच्या फटीतून तो वास येत होता. ओव्याचा धूर, आणि त्याच्या खाली तो.

मी दारावर थाप मारली. म्हातारी उठून आडवी आली. "आवो, बाळतिणीची खोली हाय! परक्या मानसानं जायचं न्हाई!" मी ओरडलो, "शेगडी बाहेर काढा! आधी शेगडी काढा!" आतून सून घाबरून काहीतरी बोलली. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. त्यांना दिसलं ते एवढंच की शहरी कपड्यांतला एक माणूस बाळंतिणीच्या दाराशी आरडाओरडा करतोय. दोघांनी माझे दंड धरले.

तेवढ्यात म्हातारा मागच्या वावरातून धावत आला. मला पाहिलं आणि जागीच थांबला. मग पुढे येऊन, सगळ्यांसमोर, खाली वाकून माझे पाय धरले.

"सायेब, चुकलो. राखीव हाय म्हणला व्हता तुमी. तरी उचलला. खोलीला वाळवी लागू नये म्हणून. पदरात घ्या."

दंड धरणाऱ्यांनी मला सोडलं. सगळे म्हाताऱ्याकडे पाहू लागले. आणि मला, इतक्या घाईतही, स्पष्ट दिसलं की हा सोपा रस्ता आहे. खरं सांगायला बसलो तर वाफ म्हणजे काय, घातक म्हणजे काय, मग तेव्हाच का नाही बोललात, यात अर्धा तास जाईल. चोरीचा माल परत द्यायचा, हे सगळ्यांना एका क्षणात कळतं.

"हो," मी म्हणालो. "तो मुरूम मला परत पाहिजे. आत्ताच्या आत्ता. आधी शेगडी आणि माणसं बाहेर काढा."

शेगडी निघाली. सून पोरीला छातीशी धरून, भिंतीचा आधार घेत बाहेर आली आणि शेजारच्या पडवीत बसली. चेहरा पांढराफटक. पोर मिटल्या डोळ्यांची, मऊ पडलेली. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

डोंगरात पडकई म्हणून रीत आहे. एकाच्या कामाला सगळी वाडी येते, मग दुसऱ्याच्या कामाला सगळी जाते. भातलावणी, झोडणी, घराचं छप्पर, सगळं असंच होतं. त्या दिवशी पंधरा-वीस माणसांनी पडकई करून ती खोली उकरली. सकाळी सारवलेली जमीन कुदळीने फुटली तसा वास भसकन वर आला आणि दोघं ठसकत बाहेर पळाले. म्हातारा सगळ्यांत पुढे होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो आपण होऊन सांगत होता, "सायबाचा राखीव माल व्हता. म्या न इचारता आणला." लपवायचं त्याला सुचलंही नाही. मीही एक कुदळ घेतली. ते पाहून कुणीतरी म्हणालं, "बघा राव, मुरमापायी सायेब सवता घामाघूम झालाय." मी ऐकलं आणि कुदळ मारत राहिलो.

दुपारी, खोली निम्मी रिकामी झाली असताना, पडवीतून पोर रडल्याचा आवाज आला. बारीक, चिडका, जोरात होत जाणारा. म्हातारी म्हणाली, "वढाय लागली बया." मी भिंतीआड जाऊन तोंडावर रुमाल धरून उभा राहिलो. संध्याकाळी दोघींना ट्रॅक्टरवर बसवून घोडेगावला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, मोकळ्या हवेत ठेवा म्हणाले, बाकी ठीक आहे म्हणाले.

त्या अख्ख्या दुपारी मला बोलायला वेळ होता. शेगडी विझली होती, घाई संपली होती. माणसं पाणी प्यायला बसली होती, म्हातारा माझ्यासमोर खाली मान घालून बसला होता. मी चारदा उठलो आणि चारदा बसलो. बोललो असतो तर तक्रार झाली असती, पंप बंद पडला असता, माझी नोकरी गेली असती, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण याहून साधं होतं. वीस माणसांनी माझ्याकडे पाहून, तू, असं म्हणावं ही कल्पना मला सोसवत नव्हती. म्हाताऱ्याकडे पाहून ते म्हणत होते, ते सोसवत होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वच्छ मुरमाची ट्रॉली वर पाठवली. ट्रॅक्टरवाल्याने येऊन सांगितलं, वाडीत म्हणत होते, सायेब मोठ्या मनाचा माणूस.

पुढचं काम सुरळीत झालं, आणि याचाच मला राग येत राहिला. पसरायला पडीक जागा मिळाली. शेणखत मिसळलं, कुळव फिरवला, पावसाळ्यात वर आडोसा केला. विहीर पुन्हा पुन्हा उपसली. भाद्रपदात बैल पाणी प्यायले आणि विहिरीच्या मालकाने मला पेढा दिला. दिवाळीच्या सुमाराला बरण्या उन्हात ठेवून यंत्राची नळी घातली तर काटा हलला नाही. यंत्र बंद पडलंय की काय म्हणून मी दुसरं मागवलं. त्याचाही हलला नाही. अहवालात मी लिहिलं, थोडी माती काही काळ अन्यत्र हलवण्यात आली होती, ती परत आणण्यात आली. ऑफिसात सगळ्यांनी पाठ थोपटली. मी पुढच्या पंपावर गेलो, मग त्याच्या पुढच्या. कुठेही मन लागेना. जेवताना ताटावरून उठायचो. आई म्हणाली, आता तर तुझं फारच झालंय.

भात कापणी झाल्यावर एका सकाळी मी वर गेलो. वाडीच्या अलीकडे हापशावर ती सून भेटली. पोर काखेत, टोपडं घातलेली, डोळे टकटकीत. सुनेने मला ओळखलं, पदर सारखा केला, पण हसली नाही.

"बाबा आहेत का घरी?"

"हायती. जात्यात कुठं?" ती म्हणाली. हंडा भरून घेतला. मग एकदम बोलायला लागली. "मामंजी आता कुणाच्या पडकईला जात न्हाईत. गेलं की माणसं हसत्यात. आलं बघा राखीव, म्हणत्यात. बारकी पोरं बी म्हणत्यात. त्ये जात न्हाईत म्हणून आमच्यात कुणी येत न्हाई. भात तसंच पडलंय खळ्यावर, झोडायचं. पोरीचा बा मुंबईला कामाला, दोघं म्हातारी किती झोडणार?"

मी तिथेच, हापशापाशी, तिला सगळं सांगितलं. टाकीची गळती, मुरूम, माझं राखीव म्हणणं. ती ऐकत होती आणि पोरीच्या पाठीवर ठेवलेला तिचा हात हळूहळू घट्ट होत गेला.

"माझी पोर दोन दिस तिथं निजली," ती म्हणाली. "आन् तुमी कुदळ घिऊन दुपारभर आमच्यात व्हता."

"हो."

"मला सांगून काय व्हतंय? मानसांत सांगा."

त्या दिवशी वाडीची पडकई दुसऱ्या एका घराच्या खळ्यावर होती. दहा-बारा माणसं भाताच्या पेंढ्या आपटत होती. सुनेने सासऱ्याला बोलावून आणलं. तो खळ्याच्या बाहेर, बांधावर उभा राहिला, आत आला नाही. माणसांनी झोडणी थांबवली. मी उभ्या उभ्या बोललो. घाईत, अडखळत, पण काही न गाळता. तो मुरूम राखीव नव्हता, घातक होता. मी तो लपवला. बाबांना ते माहीत नव्हतं. चूक त्यांची नाही, माझी आहे.

मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्याचा चेहरा उजळेल.

"तुमी राखीव म्हणला व्हता," तो सावकाश म्हणाला. "तरी म्या नेला. चोरी तर म्या केलीच, ती काय आज पुसली जात न्हाई. पर सायेब, त्यात विष हाय हे म्हाईत असतं तर म्या माझ्या नातीच्या खाली घातला नसता. मला म्हाईत न्हवतं. तुमाला व्हतं."

एवढं बोलून तो परत वळला. खळ्याच्या मालकाने त्याला हाक मारली, "आरं थांब. उद्या तुझ्याकडं झोडणी. समदी येतो." म्हाताऱ्याने मान हलवली. मग बांध उतरून आत आला, पेंढी उचलली आणि इतरांच्या रांगेत उभा राहून आपटायला लागला. सगळ्यांनीच पुन्हा सुरुवात केली.

त्या वाडीत अनोळखी माणूस दाराशी आला तर नाव विचारायच्या आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात. मला कुणी पाणी दिलं नाही, कुणी बस म्हणालं नाही. मी बराच वेळ तिथे उभा होतो.